कॉलेज संपलं, माइक गेला, आता कवितेचं काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी 23 वर्षांची, कराडची. पुण्यात बीए करताना स्लॅम पोएट्री करायचे, म्हणजे स्टेजवर कविता सादर करायची स्पर्धा, बहुतेक सगळं स्त्री-पुरुष समानतेवर, आणि दाद म्हणून हॉलभर चुटक्या वाजायच्या. आता घरी आलेय, एका सीएच्या ऑफिसात डेटा एंट्री करते, लिहिणं बंदच पडलंय. आई सगळ्यांच्या शेवटी जेवते यावर मी एक कविता केली होती, तिचा व्हिडिओ मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून आई नीट बोलत नाही. स्थळं बघणं सुरू झालंय म्हणून बाबा म्हणतात व्हिडिओ काढून टाक. मी स्टेजवर एवढं बोलते आणि घरी दादाचं ताट मीच उचलते. मी खोटी आहे का? पुण्याला परत जाऊ का?"

अगं, खोटी अजिबात नाहीस, पण आईचं आधी बोलूया कारण बाकी सगळं त्याच्यानंतर येतं.

तुझी कविता खरीच असणार, मला शंका नाही. पण आईचं जेवण, तिचं शिळं खाणं, तिचं गप्प बसणं हे तू अनोळखी लोकांसमोर मांडलंस आणि तिला ते कळलं बहिणीच्या फॉरवर्डमधून, तिला काय वाटलं असेल बघ, की आपली लेक आपल्याला बिचारी समजते. जात्यावरच्या ओव्या आठव. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे, लेक म्हणून जन्माला आल्याचं दुःख आहे, पण ते त्या बायका स्वतःच्या तोंडाने सांगतायत. तू आईच्या वतीने बोललीस, तिला न विचारता. म्हणून माफी मागायची ती न विचारल्याबद्दल, कविता केल्याबद्दल नाही. आणि मग तिला विचार, तुला काय म्हणायचंय. कदाचित ती म्हणेल मला शेवटी जेवायला आवडतं, कदाचित असं काही सांगेल की तुझी कविता त्यापुढे फिकी पडेल, दोन्ही ऐकून घे, लगेच वहीत उतरवायला जाऊ नकोस.

व्हिडिओ ठेवायचा की काढायचा हे पण तिनेच ठरवायचं कारण विषय तिचा आहे. ती म्हणाली काढ, तर काढ. पण ती म्हणाली राहू दे आणि फक्त स्थळासाठी काढायचा असेल, तर काढू नकोस, उलट बायोडेटात आवडीनिवडींच्या रकान्यात स्पष्ट लिही की मी कविता करते आणि स्टेजवर सादर करते. ज्यांना चालणार नाही ते आधीच गळतील आणि ते गळलेलेच बरे, लग्नानंतर कुणाला कळून घरात लपवाछपवी सुरू होण्यापेक्षा.

आता दादाचं ताट. तू नुसतं उचलायचं थांबवलंस ना, तर ते दादा उचलणार नाही, आई उठेल आणि उचलेल, बहुतेक घरात असंच होतं, लेकीने सोडलेलं काम आईच्या अंगावर पडतं. म्हणून आधी आईला सांगून ठेव, आणि दादाशी समोर बसून साध्या शब्दात बोल, कवितेत नको, टोमणा नको, दादा उद्यापासून आपापलं ताट आपण घासायचं, बाबांनी पण. चिडतील तर सरकारचाच 2019 चा टाइम यूज सर्व्हे दाखव, आपल्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात ते 97. घरात हे बोलायला स्टेजपेक्षा जास्त जीव लागतो, आजवर जमलं नाही म्हणून तुझ्या कविता खोट्या ठरत नाहीत.

आणि त्या चुटक्यांबद्दल मला मनापासून काहीतरी सांगायचंय. कॉलेजच्या हॉलमध्ये जे बसायचे ते आधीच तुझ्या बाजूचे होते. स्लॅम सुरू झालं 1980 च्या दशकात शिकागोमध्ये, मार्क स्मिथ नावाच्या बांधकामावर काम करणाऱ्या माणसाने बारमध्ये सुरू केलं, आणि गुण द्यायला प्रेक्षकांतलेच लोक बसवले, कारण कविता त्याला ठराविक मंडळींच्या बाहेर न्यायची होती. म्हणजे कवितेला कधी हात न लावलेली माणसं समोर असणं हा स्लॅमचा मूळ मुद्दाच आहे गं, आणि ती माणसं कराडात भरपूर आहेत. बचत गटाची मीटिंग असते, 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळा कुणीतरी बोलणारं शोधत असतात, संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. हळदीकुंकवाला विधवा बाईला का बोलवत नाही यावर तिथेच, त्या बायकांसमोर तीन मिनिटं बोलून बघ. तुझ्या जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यामुळे हे आपल्याकडे चालत नाही असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार आहे. चुटक्या नाही वाजणार. एखादी उठून जाईल, एखादी वाद घालेल, आणि तुझ्या लक्षात येईल की टाळीसाठी लिहिलेली ओळ कुठली आणि खरंच सांगायची ओळ कुठली. माझ्या मते तुझं लिहिणं बंद पडलंय ते यामुळेच, की समोर कोण आहे तेच कळत नाहीये. ताराबाई शिंदेंनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून बुलढाण्यासारख्या ठिकाणाहून पुरुषांना थेट जाब विचारला, त्यांच्या हाताशी कुठला हॉल होता?

पुण्याला लगेच परत जायची घाई करू नकोस. नोकरी सोडू नकोस, तो पैसा स्वतःच्या खात्यात राहू दे, पुढे घरात काहीही ठरलं तरी तो तुझ्या हातात असेल. पण पुणं तोडू पण नकोस, महिन्यातून एखाद्या शनिवारी ओपन माइकला, जिथे कुणीही उठून कविता म्हणू शकतं तिथे, जा, एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि जायची तारीख घरी आठवडाभर आधी सांग, परवानगी मागितल्यासारखं नाही, दादा सांगतो तसं. फक्त रात्रीची राहायची सोय मैत्रिणीकडे आधीच करून ठेव, शेवटच्या गाडीची धाकधूक डोक्यात असली की माइकसमोर शब्द पळतात.