जँगो अपग्रेड केल्यावर डीबग टूलबार दिसेनासा झाला, काय तपासावं?

जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, आणि डीबग टूलबार म्हणजे चुका शोधायला पानावर दिसणारी त्याची पट्टी. सर्व्हर चालतोय, पान उघडतंय, फक्त टूलबार गायब, असं असेल तर आधी पानाचा सोर्स उघडून त्यात 'डीजेडीटी' (djdt, टूलबारच्या कोडमधली खूण) शोधा. पुढचा मार्ग त्यावरूनच ठरतो.

सापडलं, तर टूलबार पानात आलाय, पण त्याची जावास्क्रिप्ट चालत नाहीये. ब्राउझरचा कन्सोल पाहा. विंडोजवर कधीकधी रजिस्ट्रीत .जेएस फाइलचा प्रकार 'टेक्स्ट/प्लेन' नोंदलेला असतो आणि अशी फाइल ब्राउझर मॉड्यूल म्हणून चालवत नाही. जँगोच्या सेटिंग्ज फाइलमध्ये पायथनच्या माइमटाइप्स मॉड्यूलचं ॲड-टाइप फंक्शन वापरून .जेएससाठी 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट' द्या, सर्व्हर बंद करून सुरू करा आणि कंट्रोल+एफ५ दाबा. हे शेवटचं विसरू नका, नाहीतर कॅशमधली जुनी फाइलच येत राहील.

नाही सापडलं, तर सेटिंग्जमध्ये डीबग 'ट्रू' आहे ना आणि इंटर्नल आयपीजच्या यादीत (कोणत्या पत्त्यांना टूलबार दाखवायचा ती यादी) १२७.०.०.१, म्हणजे तुमचा स्वतःचा संगणक, आहे ना, ते पाहा. डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) विनंती १२७.०.०.१ वरून येत नाही, सहसा १७२ ने सुरू होणाऱ्या गेटवेवरून येते. तो पत्ता यादीत घाला. सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या (प्रत्येक विनंती आणि उत्तर ज्यांतून जातं ते टप्पे) यादीत टूलबारचं मिडलवेअर जीझिपच्या, म्हणजे उत्तर दाबून लहान करणाऱ्या मिडलवेअरच्या, खाली हवं. टेम्प्लेटमध्ये बॉडीचा बंद होणारा टॅग नसेल, तर टूलबार जोडलाच जात नाही.

सर्व्हरच इम्पोर्ट एररने पडत असेल, तर बहुधा टूलबारचं पॅकेज जुनं राहिलंय. जँगो ४.० मध्ये जुनं यूआरएल फंक्शन काढून टाकलंय, त्यामुळे पॅकेजही अपग्रेड करावंच लागतं.