'अर्रेचो' वापरण्याआधी देश बघा

नव्याने स्पॅनिश शिकणाऱ्यांना व्हेनेझुएलाच्या व्हिडिओंतला 'अर्रेचो' हा शब्द पटकन आवडतो. जरा दमानं घ्या.

व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासमध्ये, 'एस्तोय अर्रेचो' म्हणजे मी जाम भडकलोय. पण त्याच शहरात एखादी मैफल 'अर्रेचा' झाली, तर ती जबरदस्त झाली, आणि पेपर 'अर्रेचो' होता, तर परीक्षेत घाम फुटला. स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी 'एस्तार' आणि 'सेर' अशी दोन क्रियापदं आहेत. माणसाबद्दल बोलताना 'एस्तार' (वरचं 'एस्तोय' हे त्याचंच रूप) आलं, तर बहुधा राग समजायचा. 'सेर' आलं, तर तो त्याचा स्वभाव किंवा कर्तबगारी.

शेजारच्या कोलंबियात गोची सुरू होते. बोगोतात, आणि पुढे पेरूच्या लिमातही, 'एस्तोय अर्रेचो' ऐकून लोक गालात हसतील, कारण तिथे त्याचा अर्थ कामवासनेने पेटलेला! गंमत म्हणजे कोलंबियाच्याच सांतांदेर भागात अर्रेचो म्हणजे धाडसी, कुणाच्या बापाला न भिणारा. तिथली माणसं हे बिरूद छाती फुगवून मिरवतात.

माझं ऐकाल तर हा शब्द ओळखायला शिका, बोलायची घाई नको. राग सांगायला लॅटिन अमेरिकेत 'एनोहादो' पुरतो, स्पेनमध्ये 'एनफादादो'. आणि नुसतं शहर पाहून अर्थ लावू नका. गेल्या दशकात लाखो व्हेनेझुएलन लोक बोगोता-लिमात येऊन राहिलेत. तिथला टॅक्सीवाला ट्रॅफिकला वैतागून 'अर्रेचो' म्हणाला, तर आधी तो मूळचा कुठला ते विचारा.