जुनी थ्री-नॉट-थ्री घेताना

आपल्या साताऱ्यात .303 रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं माप. पण तू आता इंग्लंडात आहेस, क्लबात जातोस, परवानाही झालाय. तर ली-एनफिल्ड नंबर 4, ही ब्रिटिश सैन्याची जुनी .303 रायफल, जरूर बघ. ‘एफटीआर’ शिक्का म्हणजे कारखान्यात पूर्ण दुरुस्त झालेली, पण त्यानंतर ती किती वापरली गेली ते शिक्का सांगत नाही. लाकडाच्या चकाकीवर भाळू नकोस. आधी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून नळीतून उजेडाकडे बघ: आतल्या पिळाच्या खाचा धारदार हव्यात, गंजाचे खड्डे नकोत. युद्धकाळातल्या बऱ्याच नळ्यांना पाचाऐवजी दोनच खाचा असतात, तो दोष नव्हे. नळीचं पुढचं तोंड मात्र झिजलेलं नको, नाहीतर गोळ्या पसरतात. बोल्टचा नंबर बंदुकीशी जुळत नसेल तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसासाठी राहणारी जागा) तपासल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही, बाळा.