फोर-के हप्त्यावर की चोवीस इंची भिशीतून?

परभणीहून एका ताईंचं पत्र आलंय. घरी बसून त्या अकरा दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न सांभाळतात. महिन्याला २२,००० रुपये हाती येतात, घरखर्च १८,००० आणि भिशी १,००० ची. मिस्टरांची शेती, बहुतेक सोयाबीन. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत त्यातलं बरंचसं पाण्यात गेलं. बँकेत ३५,००० शिल्लक आहेत. काम चालतं २०१८ सालच्या पंधरा इंची लॅपटॉपवर. आता त्यांनी २७ इंची फोर-के (खूप बारीक, स्पष्ट चित्राचा) मॉनिटर बघून ठेवलाय: २४,००० रुपये, क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयनं. दुकानदार म्हणतो, ‘धंद्यासाठी घेताय, टॅक्स वाचेल.’ भाऊजी म्हणतात, ‘वहिनी, घरातला टीव्हीच जोडा की, काहून पैसे घालवता?’

ताई, मॉनिटर घ्या. पण हा नको, आणि हप्त्यावर तर नकोच.

मॉनिटरची गरज मला पटते, कारण तुमचं काम मला माहीत आहे. १४ तारखेला टू-बी, म्हणजे दुकानाच्या खरेदीवरच्या जीएसटीचं किती क्रेडिट (वजावट) मिळेल ते दाखवणारं पत्रक आलं, की एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला खरेदीचं रजिस्टर उघडायचं, बिल नंबर जुळवत बसायचं, आणि २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचं. छोट्या पडद्यावर हे म्हणजे एका डोळ्यानं वाचून दुसऱ्यानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. खिडक्या खालीवर करण्यात दुकानामागे पाऊण तास जातो, असं तुम्ही लिहिलंय. मी अर्धाच तास धरतो. अकरा दुकानांचे साडेपाच तास झाले. तुमच्या तासाचं मोल १४० रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे महिन्याला पावणेआठशे. कागदावर नऊ हजारांचा मॉनिटर वर्षभरात फिटतो. अर्थात वाचलेले तास नुसते वाचून पैसे होत नाहीत. त्यात बारावं दुकान आलं तरच होतात. नाही आलं, तर मान आणि डोळे तरी वाचतील. तेही कमी नाही, पण त्याची किंमत मला मांडता येत नाही.

आता हप्ता. २२,००० मधून घरखर्च आणि भिशी गेली की तुमच्याकडे ३,००० उरतात. त्यातले २,००० वर्षभर बांधून टाकायचे? घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा फक्त तुमचा आहे, शेतीचा पैसा माल विकल्यावरच येतो. एखाद्या दुकानदारानं तुमचे पैसे दोन महिने थकवले, तर बँक तुमच्यासाठी थांबणार नाही. कार्डाची थकबाकी राहिली की व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं. वर्षाचे किती झाले ते तुम्हीच मांडा, हिशेब तुमचाच धंदा आहे.

आणि ‘नो-कॉस्ट’ हे नाव मोठं गोड आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवलं होतं. व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत आधी दाखवतात आणि बँक ते हप्त्यातून घेते. दर १५ टक्के धरला तर २४,००० च्या हप्त्यांत व्याज साधारण १,८४० रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३३० रुपये वेगळे. प्रोसेसिंग फी दोनशेच्या आसपास, तिच्यावरही जीएसटी. साडेपाचशे रुपये असेच गेले. शिवाय रोख देणाऱ्याला दुकानात जी हजार-पाचशेची सूट मिळते, ती मागायला तोंड उरत नाही.

टॅक्सचं तर मला हसूच आलं. तुमची वर्षाची कमाई २,६४,०००. नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत करच नाही. जिथं कर शून्य, तिथं तो वाचणार कुठून? जीएसटी परत मिळायला आधी तुमची स्वतःची नोंदणी हवी. सेवेला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत ती लागत नाही, आणि नऊ हजारांच्या वस्तूसाठी कुणी ती घेऊही नये. एखादा ओळखीचा सुचवेल, ‘अमक्या दुकानाच्या जीएसटी नंबरावर बिल फाडा, क्रेडिट त्यांना, रोख तुम्हाला.’ हे अजिबात करू नका. चुकीचं क्रेडिट त्या दुकानदाराच्या गळ्यात, बिल त्याच्या नावावर, आणि उद्या वॉरंटीसाठी तुम्ही त्याच्या दारात. शिवाय त्याचं रिटर्न भरणार तुम्हीच!

भाऊजींचा सल्ला फुकटातला, म्हणून मोहात पाडणारा. हा उपद्व्याप मी स्वतः केलाय. लॉकडाऊनमध्ये घरातला ३२ इंची टीव्ही टेबलावर मांडला आणि चार दिवसांत उतरवला. तसल्या एचडी-रेडी टीव्हीत वरून खाली मोजले तर चित्राचे ठिपके (पिक्सेल) ७६८ च असतात, म्हणजे तुमच्या लॅपटॉपइतकेच. फक्त ते ताणून मोठे केलेले. आकडे मोठे दिसतात, पण जास्त दिसत नाहीत, आणि कडा अशा पसरतात की ८ आणि ६ यांत गफलत होते. हिशेबाच्या कामाला हे परवडणारं नाही. शिवाय संध्याकाळी मालिकेच्या वेळेला टीव्ही कुणाचा, हा वाद वेगळाच.

मग घ्यायचा कुठला? २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, म्हणजे बाजूनं बघितलं तरी चित्र फिकं न पडणारा. आठ ते दहा हजारांत चांगला येतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे तुमच्या आत्ताच्या पडद्याच्या जवळजवळ दुप्पट ठिपके; एक्सेलच्या दोन शीट शेजारीशेजारी मावतात. २७ इंचीत फुल एचडी घेऊ नका, तेवढेच ठिपके मोठ्या जागेत विरळ होतात. फोर-केचं म्हणाल, तर त्या काळातल्या बहुतेक साध्या लॅपटॉपची एचडीएमआय फोर-केला सेकंदाला तीसच चित्रं देते. माऊस हलवला की तो मागून फरफटत येतोय असं वाटतं. १५,००० जास्त मोजून हा त्रास विकत घ्यायचा नाही.

उंची खालीवर होणारा स्टँड हजारभर महाग पडतो. त्याऐवजी खाली जुन्या लेजर-वह्या ठेवल्या तरी भागतं. कंपन्यांतून निघालेले जुने मॉनिटर तीन-चार हजारांत मिळतात, तेही वाईट नसतात. पण विकणारा सहा महिन्यांची लेखी हमी देत नसेल, तर सोडून द्या.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान शून्य ते ४० अंश दिलेलं असतं. परभणीचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, आणि तुमची कामाची खोली पत्र्याची आहे. दुपारी मॉनिटर बंद ठेवा किंवा आतल्या स्लॅबच्या खोलीत हलवा. कूलरसमोर मांडू नका, ती ओलसर हवा मागच्या जाळीतून आत जाते. लाइटच्या चढउतारासाठी पाचशेचा स्पाइक गार्ड घ्या. मॉनिटरला वीज जेमतेम वीस वॅट लागते, महिन्याला पाचेक युनिट. त्याची चिंता नको.

पैसे भिशीतून काढा. तुमची बाराजणींची भिशी दोन महिन्यांनी लागणार आहे, १२,०००. नऊ हजारांचा मॉनिटर, पाचशेचा गार्ड, आणि उरलेल्या अडीच हजारांमधून राउटरसाठी मिनी यूपीएस. २० तारखेला लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण नेट गेलं तर रिटर्न अडकेल. बँकेतल्या ३५,००० ना हात लावू नका, ते घराचे दोन महिनेसुद्धा भरत नाहीत.

घेताना विचारा, सर्व्हिस घरी येऊन की सेंटरला नेऊन? सेंटर संभाजीनगरला असेल, तर जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो. घरी येणाऱ्या सर्व्हिससाठी पाचशे जास्त गेले तरी चालतील. बिलावर सिरीयल नंबर स्वतःच्या नावासमोर लिहून घ्या. बदलून देण्याची मुदत साधारण आठवडाभराची असते, तेवढ्यात पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून मेलेले ठिपके बघा. खोकं थर्माकोलसकट माळ्यावर ठेवा. आणि जोडणी २१ तारखेनंतरच करा, १९ च्या रात्री नको.