उजळतो म्हणून जिवंत असतोच असं नाही

या अंकात सगळे प्रश्न एकाच वस्तूचे आहेत: जुन्या डीव्हीडी बर्नरमधून काढलेला लाल लेसर डायोड. पत्रं थोडी आखडती घेतली आहेत.

प्रश्न : बर्नरमधून लाल डायोड काढला. ड्रायव्हर, म्हणजे डायोडला करंट पुरवणारं सर्किट, आधी चालू केला, बाहेरच्या तारांवर पाच व्होल्ट येतात हे मीटरने पाहिलं आणि मग डायोडचे पाय टेकवले. लाल उजेड आला, पण अगदी मंद. भिंग लावूनही ठिपका जमत नाही, लालसर डाग पडतो. करंट वाढवला तरी विशेष फरक नाही. कमी ताकदीचा डायोड हाती लागला का?

उत्तर : नाही, मेलेला. आणि तो नेमका कधी मेला, तेही तुमच्याच पत्रात आहे. ड्रायव्हरच्या आउटपुटवर बहुधा एक कपॅसिटर असतो. डायोड जोडलेला नसला की ठरावीक करंट देऊ पाहणारा ड्रायव्हर व्होल्टेज चढवत चढवत शेंड्याला नेतो आणि कपॅसिटर तिथे भरून बसतो. लाल डायोडला लागतात अडीच व्होल्टच्या आसपास. पाय टेकले की तो कपॅसिटर डायोडमधूनच रिकामा होतो आणि त्या निमिषात करंट हवा त्याच्या कैक पट जातो.

आत काय होतं तेही सांगतो. लेसरचा उजेड स्फटिकाच्या ज्या कडेतून बाहेर पडतो ती जागा जेमतेम तीन चौरस मायक्रॉनची असते. तिथून १०० मिलीवॉट बाहेर पडले तर ते चौरस सेंटिमीटरला तीसेक लाख वॉट होतात. त्याहून जास्त झालं की कड वितळते, आणि तीच कड लेसरचा आरसा असते. आरसा गेला की उजेडाचं आत येणं-जाणं थांबतं. मागचं जंक्शन, म्हणजे उजेड जिथे तयार होतो ती जागा, मात्र शाबूत राहतं, म्हणून साध्या एलईडीसारखा लाल उजेड येतच राहतो. सगळी फसवणूक इथेच होते. बल्ब गेला की अंधार पडतो, लेसर डायोड गेला तरी उजळत राहतो.

वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे कॅमेऱ्याच्या रिळाची एक काळी डबी आहे, तिच्यात असे एकवीस आहेत. पहिले सात मी अगदी तुमच्याच पद्धतीने मारले. आठवा पुलओव्हर घालून हाताळल्यामुळे गेला, कारण अंगावरची स्थितिक वीजही त्याला पुरते.

प्रश्न : पॉवर मीटर नसताना डायोड जिवंत आहे की नाही, हे खात्रीने कसं सांगायचं?

उत्तर : जिवंत डायोडला उंबरठा असतो. ठरावीक करंटपर्यंत तो नुसता दिवा असतो, आणि त्यापुढे गेलं की लेसर. मेलेल्याला उंबरठा नसतो. तेवढी एक गोष्ट शोधायची, बाकी सगळी तिच्यासाठीची तयारी.

माझी मांडणी जुनीच आहे. सहा पेन्सिल सेल, म्हणजे ९ व्होल्ट. मी बॅटरीच वापरतो, कारण ॲडॉप्टर चालू-बंद होताना काय उसळ्या मारेल याचा भरवसा नसतो. मग एलएम ३१७ ही रेग्युलेटर चिप, करंट स्थिर राखायला जोडलेली. ती आपल्या दोन पायांत १.२५ व्होल्ट राखते, त्यामुळे करंट म्हणजे १.२५ भागिले मधला रेझिस्टर. तिथे १० ओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या ओळीत १०० ओहमचा तीन वॉटचा वायरवाउंड पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर. पॉट पूर्ण आत (सगळे १०० ओहम ओळीत) असताना साधारण ११ मिलिअँप, पूर्ण बाहेर असताना १२५. मल्टिमीटर त्या १० ओहमवर कायमचा अडकवलेला: जितके मिलीव्होल्ट दिसतील, त्यांचा दहावा भाग म्हणजे मिलिअँप. पॉट मात्र नवा घ्या. खरखरणाऱ्या पॉटचा काटा क्षणभर सुटून पुन्हा टेकतो, तेव्हा करंट उसळतो आणि पुन्हा तेच रामायण.

आउटपुटवर छोटा कपॅसिटर मीही ठेवतो, पण क्रम कधी मोडत नाही. बॅटरी काढलेली. आउटपुटच्या दोन तारा एकमेकींना पिळून कपॅसिटर रिकामा केलेला. डायोडच्या पायांना, बर्नरच्या लवचीक तारांच्या पट्टीपासून सोडवण्याच्या आधीच, बारीक उघड्या तांब्याच्या तारेचे चार वेढे दिलेले. मग सोल्डर: पायाला दोन-तीन सेकंदांहून जास्त सोल्डरिंग आयर्न नाही. चिमट्याची क्लिप डायोडवर कधीच लावायची नाही, ती हलते. तारा पक्क्या बसल्या की आउटपुटचा पीळ सोडायचा, त्यानंतर पायांवरची तार काढायची, पॉट पूर्ण आत आहे हे पुन्हा पाहायचं आणि शेवटी बॅटरी. नवी मांडणी असेल तर आधी लेसरच्या जागी चार साधे रेक्टिफायर डायोड ओळीने जोडून सगळा करंट फिरवून पाहा. ते गेले तर कुणी रडत नाही.

आता मोजणी. भिंग लावायचं नाही. डायोड एखाद्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात घट्ट बसवा. समोर दुहेरी पांढरा कागद आणि कागदामागे बीपीडब्ल्यू ३४ सारखा फोटोडायोड (उजेड पडला की करंट देणारा), दुसऱ्या मीटरच्या मायक्रोअँप रेंजला सरळ जोडलेला. अंतर ठरलं की काही हलवायचं नाही, खोलीत अंधार करायचा. किती मिलीवॉट ते यातून कळत नाही, पण आपल्याला फक्त आलेखाच्या रेषेचा आकार हवा.

माझ्या वहीतल्या एका धडधाकट डायोडचे आकडे असे: २० मिलिअँपला ३ मायक्रोअँप, ३० ला ५, ४० ला ८, ४५ ला १४. इथपर्यंत रांगत चाललाय. पुढे ५० ला ६०, ६० ला १६५, ७० ला २७०. आलेखाला ४५ च्या जरा पुढे कोपर फुटतो, तोच उंबरठा. त्याच मांडणीत डबीतला एक मेलेला: २० ला ३, ४० ला ७, ६० ला ११, ८० ला १४. सरळ, आळशी रेघ. वीस-तीस मिलिअँपपर्यंत दोघांत काही फरकच नाही हे पाहा, म्हणूनच 'जरासा लावून पाहिला, उजळला' या वाक्याला अर्थ नसतो.

मीटरशिवायही उंबरठा दिसतो. कागदावर पडलेल्या उजेडाकडे बघत पॉट अगदी हळू फिरवा. आधी उजेड सपाट असतो, तांबड्या काचेतून आल्यासारखा. मग एका जागी तो अचानक दाणेदार होतो, ओली वाळू चमकावी तसा, आणि गोल डागातून एक लांबट पट्टा वर येतो. पॉट मागे फिरवला की दाणे विरतात, पुढे नेला की परत. मेलेल्या डायोडला हे दाणे येत नाहीत. डोकं बाजूला हलवलं की दाणेही सरकतात. मी चष्मा काढून पाहतो तेव्हा ते डोक्याच्या उलट दिशेला पळतात, कारण मला लांबचं दिसत नाही. ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांचे दाणे डोक्याबरोबर जातात. बघत नुसतं बसावंसं वाटतं, पण हे फक्त उंबरठ्यापाशी, कागदावर आणि भिंगाविना. त्याच्या पुढे गॉगल चढवा आणि मीटरचंच ऐका.

प्रश्न : मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासलं तर?

उत्तर : फार काही कळत नाही. लाल डायोडला लागणारं व्होल्टेज बऱ्याच मीटरना पुरत नाही, मग चांगलाही 'उघडा' दाखवतात. पुरलंच, तर आरसा गेलेला डायोडही चांगल्यासारखाच आकडा देतो. जुना काट्याचा मीटर मात्र सर्वांत वरच्या ओहम रेंजवर लावू नका, आत ९ व्होल्टची बॅटरी असते. लेसर डायोडला उलट्या दिशेने साधारण दोनच व्होल्ट सोसतात.

प्रश्न : सीडी आणि डीव्हीडी दोन्ही लिहिणाऱ्या ड्राइव्हमधून दोन डायोड निघाले. एक छान लाल आहे. दुसरा कितीही करंट दिला तरी काळपट लाल. तो मेलेला समजून टाकू का?

उत्तर : आधी त्याच्या समोरून बाजूला व्हा. तो बहुधा अगदी ठणठणीत आहे. डीव्हीडीचा डायोड ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा, सीडीचा ७८० चा. ७८० ला आपला डोळा जवळजवळ आंधळा असतो, म्हणून शंभर मिलीवॉटसुद्धा विझत्या निखाऱ्यासारखे दिसतात. पण डोळ्याचं भिंग ते सगळे नेमाने पडद्यावर एकवटतं. झगझगीत वाटत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. मेलेला लाल आणि जिवंत इन्फ्रारेड, दोघे दिसायला सारखेच मंद. माझ्या मते या सगळ्या छंदातली सर्वांत वाईट जागा हीच.

ओळख सोपी आहे. चालू असताना डायोडवरचं व्होल्टेज पाहा: लाल असेल तर सव्वादोन ते पावणेतीन, इन्फ्रारेड दोनच्या खालीवर. फोटोडायोडचा आकडा डोळ्याला दिसतंय त्या मानाने भलताच मोठा आला, तर शंकाच नको. काही ड्राइव्हमध्ये दोन्ही डायोड एकाच कवचात असतात, एक पाय समाईक. तिथे चुकीचा पाय धरला की 'लाल मंद आहे' अशी तक्रार येते. पायांची रचना डायोडागणिक बदलते, तेव्हा पट्टी कापण्याआधी कुठला पाय कुठे जातो ते कागदावर उतरवून ठेवा.

गॉगलचंही इथेच सांगतो. लाल काचेचा गॉगल लाल किरण अडवत नाही, उलट तोच तेवढा आत सोडतो. काचेच्या रंगावर जाऊ नका. ६५० आणि ७८० हे दोन्ही आकडे त्यावर छापलेले असावेत. आणि हातातलं घड्याळ काढून ठेवा, त्यावरून किरण उलटतो.

प्रश्न : डीव्हीडीच्या लाल डायोडला ३०० मिलिअँप देऊन पाहिले. काडी पेटली, दोन मिनिटांनी सगळं मंद झालं. नेमकी कमाल किती?

उत्तर : कमाल तुम्ही शोधलीत, डायोड खर्चून. बर्नरमधला डायोड लिहिताना तुकड्यातुकड्यांत पेटतो, मधल्या वेळात निवतो. तोच आकडा सलग दिला तर टिकत नाही. शिवाय लाल डायोड उष्णतेला फार हळवा. तापला की उंबरठा वर सरकतो, उजेड उतरतो, आणि आपण उतरलेला उजेड भरून काढायला करंट वाढवतो. मी उंबरठा सापडला की त्याच्या दुपटीच्या आत थांबतो आणि दहा मिनिटं मीटरकडे पाहतो. आकडा थोडा उतरून स्थिरावला तर ठीक. उतरतच राहिला तर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढणारा तो ॲल्युमिनियमचा तुकडा, अपुरा आहे, डायोडचा दोष नाही.

प्रश्न : सर, माझा पहिलाच डायोड गेला. टाकून देऊ की काही उपयोग आहे?

उत्तर : टाकू नकोस. पुढचा सोल्डर करण्याआधी याच्या पायांवर हात बसव, दहा वेळा जोड, दहा वेळा सोडव. नव्या ड्रायव्हरची पहिली जोडणीही यालाच कर. आणि आजच त्याच्या कवचाला नेलपॉलिशचा एक ठिपका लाव. मी लावला नव्हता, आणि एका संध्याकाळी चांगला डायोड त्या मेलेल्यांच्या डबीत टाकून मेलेल्याला दोन तास भिंग जुळवत बसलो होतो.