एक बेट कमी करा
प्रवासाचा हिशेब : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

काकू, नमस्कार. आम्ही चौघं. मी, मिस्टर, मुलगी सहावीत आणि मुलगा तिसरीत. भिशीचे आणि दिवाळीच्या बोनसचे मिळून लाखभर रुपये जमलेत. मुलांनी अंदमानचा ध्यास घेतलाय. इथल्या एका ट्रॅव्हलवाल्याने पाच रात्रींचे पावणेदोन लाख सांगितले. लाखात बसेल का? शाळेच्या सुट्टीशिवाय निघता येत नाही. – एक वाचक, सिडको, नाशिक

बसेल. पण आधी त्या ट्रॅव्हलवाल्याचा कागद काढा आणि त्यात बेटं किती लिहिलीत ते मोजा. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, रॉस, बाराटांग, सगळी असणार. मुलांच्या वेळापत्रकासारखा तास-तास भरलेला कागद. (मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत वेळापत्रकं लावली, त्यामुळे असा कागद लांबूनही ओळखते.) हे चौघांना पावणेदोन लाखाला पडतं, कारण प्रत्येक बेटामागे चार बोटीची तिकिटं, दोन गाड्या आणि एक हॉटेल बदलणं येतं. तुम्ही एक बेट कमी करा.

2017 च्या डिसेंबरात मी आणि आमचे हे अशाच पॅकेजने गेलो होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांनी वाईट काही केलं नाही, फक्त आम्हाला पळवलं. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर आम्हाला साडेचारला सोडलं. चहा झाला, चपला हातात घेतल्या, पाण्यात घोटाभर उतरलो आणि अंधारून आलं. सव्वापाच वाजले होते. ह्यांना वाटलं घड्याळ बंद पडलं. घड्याळ बरोबर होतं, पण ते आपल्याकडचं आणि सूर्य तिकडचा. अंदमान नाशिकच्या जवळजवळ एकोणीस रेखांश पूर्वेला आहे, वेळ मात्र देशभर एकच. त्यामुळे नाशिकच्या मानाने तिथे सूर्य साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. ज्या किनाऱ्यासाठी माणसं एवढी लांब येतात तो आम्ही पाऊण तास पाहिला, त्यातला अर्धा तास चहात गेला.

2024 च्या फेब्रुवारीत धाकट्या बहिणीला घेऊन पुन्हा गेले, सगळं स्वतः ठरवून. हॅवलॉक गाळलं आणि नीलवर सलग तीन रात्री राहिलो. (सरकारदरबारी 2018 पासून हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालंय, पोर्ट ब्लेअरचं 2024 च्या सप्टेंबरात श्रीविजयपुरम. जेट्टीवर मात्र अजून जुनीच नावं ऐकू येतात, गोंधळू नका.) खर्च एका वहीत रोज रात्री लिहीत होते. त्या वहीवरून सांगते. भाव तेव्हाचे आणि माझ्या घासाघिशीचे आहेत, तुम्हाला थोडे पुढेमागे होतील.

सगळ्यात मोठा घास विमानाचा. तुमच्या लाखातले निम्म्याहून जास्त तिथेच जाणार, म्हणून तारीख आधी ठरवायची आणि हॉटेल नंतर. मुलगा तिसरीत म्हणजे त्याचं तिकीट पूर्ण, सवलत फक्त दोन वर्षांखालच्या बाळाला. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ डोक्यातून काढून टाका, त्या दिवसांत सगळा देश तिथे असतो आणि भाडं चढलेलं असतं. तुमच्यासाठी वार्षिक परीक्षा संपली की लगेचचे दिवस, एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा. ऊन आहे, पण तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो. त्याच्या पुढे मात्र जाऊ नका. दरवर्षी मेच्या मध्याच्या सुमारास "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण किती आनंदाने वाचतो! तिथे पोरंबाळं घेऊन गेलेल्या माणसाला मात्र ती बातमी बोट रद्द झाल्याची असते.

मुंबईहून जाऊन-येऊन माणशी चौदा हजारांच्या आत मिळालं तर घ्या. सोळाच्या वर गेलं तर तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे करून बघा, मंगळवार-बुधवारचं बघा. ओझरहून बेंगळुरू किंवा हैदराबादमार्गे जोडून मिळत असेल तर तेही तपासा, मुंबईला जायचा-यायचा खर्च आणि दगदग वाचते. पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लांबलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

आता बोटी. पोर्ट ब्लेअर–हॅवलॉक–नील–पोर्ट ब्लेअर असं तिन्ही टप्प्यांचं केलं तर चौघांची बारा तिकिटं. फक्त नील केलं तर आठ. खासगी बोटीला मला माणशी पंधराशेच्या आसपास पडले, म्हणजे तुमचे सहा हजार इथेच वाचले. परतीला आम्ही सरकारी बोटीने आलो. खासगीपेक्षा वेळ जास्त, भाडं निम्म्याहून कमी. आमच्या बोटीत भाजीच्या गोणी होत्या, कोंबड्या होत्या, नवी कोरी मोटारसायकल होती आणि माहेरी निघालेली एक बंगाली बाई होती, तिने बहिणीला मासे साफ करायची रीत शिकवली. मला ती बोट खासगीपेक्षा आवडली. पण सरकारी बोटीत आधी बेटावरची माणसं, मग आपण, आणि तेच बरोबर आहे. त्यांची ती एसटी आहे. म्हणून जाताना खासगी, येताना सरकारी मिळाली तर मिळाली, असं धरा.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते. ज्या दिवशी विमान, त्या दिवशी बोट नको. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. समुद्र खवळला की बोट सुटत नाही आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. आमच्या शेजारच्या खोलीतलं सोलापूरचं जोडपं या एका रात्रीचे दीड हजार वाचवायला गेलं आणि चाळीस हजारांची नवी तिकिटं काढून घरी पोचलं.

नीलवर करायचं काय, असं तुमचे मिस्टर विचारतील. बेट केवढं, तर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलने आरामात जाता येतं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, भरतपूरला मुलांना डुंबायला उथळ पाणी. रामायणातली एवढी नावं ऐकून पंचवटीच्या माणसाला घरीच आल्यासारखं होतं. बेटावर भाजीपाला भरपूर पिकतो, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं होतं, त्यांची ही शेती. बाजारात भात-वरण-भाजीची थाळी मिळते, मासे खाणार असाल तर चैनच. हॉटेलच्या आत जेवू नका, बाजारात जेवा. बंगाली, तमिळ, तेलुगू सगळं कानावर पडतं, पण व्यवहार हिंदीत चालतो, त्यामुळे भाव करायला अडत नाही.

नैसर्गिक दगडी कमान आहे, ती ओहोटीलाच बघायची. आपल्याला ही सवय नाही. आपण पाणी मोजणार ते गोदावरीच्या पुरात, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यावर नाहीतर छातीवर, तेही वर्षातून चार दिवस. तिथे पाणी रोज दोनदा येतं आणि दोनदा जातं. गेल्या गेल्या खोलीच्या मालकाला दुसऱ्या दिवशीची ओहोटी विचारा आणि त्यावर दिवस बांधा. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत समुद्री काकड्या, खेकडे, छोटे मासे दिसतात, मुलं दोन तास हलत नाहीत आणि हा कार्यक्रम जवळजवळ फुकट. प्रवाळ तळवे कापतं, म्हणून शालिमारच्या बाजारात मिळतात तसले पट्ट्याचे रबरी सँडल चौघांना घेऊन जा. स्लिपर चालणार नाहीत, पाण्यात निघून जातात. आणि मगरीची पाटी दिसली तिथे पाय घालायचा नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरंच आहेत, पाटी शोभेची नाही.

पाण्यातले खेळ दहा सांगतील. एकच घ्या. मी काचेच्या तळाची बोट म्हणेन, कारण चौघं एकत्र बसता. बाराटांग या खेपेला सोडा. तिथला रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, पहाटे गाड्यांच्या ताफ्यातून जावं लागतं, अख्खा दिवस जातो. आणि खरं सांगू, त्या ताफ्यातली निम्मी माणसं चुनखडीच्या गुहेसाठी नाही, खिडकीतून माणसं बघायला आलेली असतात. मला ते सोसलं नाही.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, नीलवर एटीएमच्या आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. राहायला घरगुती खोल्या दीड-दोन हजारांत चौघांना मिळतात, जादा गादी मागून घ्यायची. दिवस पहाटे पाचला सुरू करा. माझ्या वहीच्या हिशेबाने सहा दिवसांचं जेवणखाण नऊ-दहा हजार, खोल्या तेवढ्याच, बोटी आठ-नऊ, रिक्षा-सायकली-काचेची बोट मिळून सात. विमान छप्पनात बसवलंत तर मुलांच्या शहाळ्यांनाही उरतील.

काकू, मी भगूरचा, वय 70. तात्याराव सावरकरांच्या जन्मघरापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि सेल्युलर जेल अजून पाहिलेलं नाही. विमानाचं भाडं झेपत नाही. जहाजाने स्वस्तात जाता येतं असं ऐकलं. गुडघे थोडे दुखतात. जाऊ का? – भगूरहून एक वाचक

काका, जा जरूर, पण जहाजाने दोन्ही बाजूंनी नको. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजं आहेत, बंक वर्गाचं भाडं खरंच कमी आहे. पण अंतर सव्वाशे-दोनशे नाही, सुमारे बाराशे किलोमीटर. तीन दिवस लागतात, महिन्यात मोजक्याच फेऱ्या आणि हवामान बिघडलं की तारीख पुढे. बंकवर चढ-उतर, डोलणारा जिना, उलट्या. पंचविशीतला मुलगा असता तर मी त्याला ढकलून पाठवलं असतं.

तुम्ही असं करा. नाशिकरोडहून हावडा मेलने जा, खालचा बर्थ मागा. (ज्येष्ठांची भाड्यातली सवलत रेल्वेने 2020 साली बंद केली, तिची वाट बघत बसू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे.) कोलकात्यात एक रात्र विश्रांती आणि तिथून विमान, दोन-सव्वादोन तासांचं. मुंबईहून विमानापेक्षा एकूण खर्च बराच उतरतो. गर्दीचे दिवस टाळून दोन महिने आधी काढा. बेटंबिटं काही नको, पोर्ट ब्लेअरला अबरदीन बाजारात तीन रात्री राहा, जेल तिथून जवळ आहे.

जेल दोनदा बघा. संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश खेळ सगळेच बघतात, पण सकाळी दार उघडताच जा, तेव्हा आवाज नसतो. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. मधला मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले सात भाग, आज त्यातले तीन उरलेत. तात्यारावांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना आहे, लिफ्ट नाही. पट्टा बांधून, मजल्यामजल्याला थांबत चढा, घाई कोण करतंय? 1911 च्या जुलैत त्यांना तिथे आणलं तेव्हा थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते आणि बरेच दिवस एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. एका घरातली दोन माणसं, एकच आवार! मी वर उभी होते तेव्हा मला समुद्र आठवला नाही, आपल्या नाशिकच्या विजयानंद थिएटरमधली, अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेली 21 डिसेंबर 1909 ची ती गोळी आठवली. तुम्ही भगूरचे, तुम्हाला काय आठवेल ते मला कार्डावर नक्की कळवा.

काकू, आम्ही कॉलेज रोडच्या चार मैत्रिणी. अंदमान परवडणार नाही. लक्षद्वीप जवळ आहे, ते स्वस्त पडेल ना? बजेट माणशी सहा हजार.

मुलींनो, नकाशावर जवळ म्हणजे खिशाला जवळ नव्हे. लक्षद्वीपला परवाना लागतो, कोचीपर्यंत जावं लागतं आणि पुढचं विमान किंवा जहाज स्वस्त नाही. सहा हजारांत तुम्ही एर्नाकुलमच्या फलाटावर भजी खाऊन परत याल.

पण गाडी तीच पकडा. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते. नावात लक्षद्वीप आहे तेवढं पुरे, तुम्ही मडगावला उतरा. पणजीजवळ मांडवीत दिवार आणि चोडण अशी दोन बेटं आहेत. साध्या फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, खरंच नाही. चोडणला खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, दिवारला जुनी पोर्तुगीज घरं आणि भाताची खाचरं. किनारा हवाच असेल तर एक दिवस बसने जाऊन या. स्लीपरने जा, चौघींत एक खोली घ्या, सहा हजारांतले थोडे परत आणाल. आणि "उष्ण कटिबंधातलं बेट" हवं असा हट्ट असेल तर सांगते, आपल्या देशात कर्कवृत्ताच्या दक्षिणेला सगळा उष्ण कटिबंधच. नाशिकसुद्धा. भूगोलात शिकवलं होतं, विसरलात.

अंदमानहून नातेवाइकांना शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे आणले तर चालतं का? – इंदिरानगर

नाही. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलू नका. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात. माझ्या बहिणीने तिथून लाकडी चमचे आणले. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण अजून आमटी त्यानेच ढवळतात.