एका खेपेत जाईल तेवढंच ओझं

प्रश्न : मी नेब्रास्कात लिंकनला राहतो. शेजाऱ्यांबरोबर दोन हंगाम कॅनडा गीजच्या, म्हणजे रानहंसांच्या, शिकारीला गेलो. यंदा स्वतःचे डिकॉय, म्हणजे थव्याला भुलवून उतरवणारे नकली पक्षी, घ्यायचे आहेत. प्लॅट नदीकाठच्या एका शेतकऱ्याने परवानगी दिली आहे, पण गाडी लावल्यावर पाऊण मैल चालायचं आणि दोन धारा ओलांडायच्या. बोट नाही. फुल बॉडी (पूर्ण आकाराचे), शेल (नुसत्या पाठीचे पोकळ), सिलुएट (चपटे) की फ्लोटर (पाण्यावर तरंगणारे)? किती घ्यावेत आणि न्यावेत कसे?

उत्तर : डझनांचा हिशेब नंतर करा, आधी खेपेचा करा. अंधारात, वेडर (पाण्यात चालायचा जलरोधक पोशाख) घालून, बंदुकीसकट एका खेपेत जेवढं नेता येईल तेवढेच डिकॉय तुमचे. पहिल्या हंगामात मी प्लॅटकाठच्या कर्नी गावाजवळ बारा फुल बॉडी घेऊन गेलो. दोन खेपा कराव्या लागल्या. दुसऱ्या खेपेला धार चुकली, कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि वाळूवर पोचेपर्यंत तांबडं फुटलं. पहिला थवा डोक्यावरून गेला तेव्हा पिशवी अजून खांद्यावरच होती.

आता माझ्याबरोबर दोन डझन सिलुएट आणि सहा फ्लोटर असतात. सिलुएट म्हणजे पन्हाळी प्लास्टिकमधून कापलेले, दोन्ही बाजूंनी छापलेले चपटे पक्षी. एकावर एक रचले की दोन डझन एका पाठपिशवीत बसतात. घरच्या काट्यावर ती पिशवी सहा किलोच्या आसपास भरते. फुल बॉडी फार देखणे असतात. ट्रक थेट मक्याच्या शेतात नेता येत असेल तर जरूर घ्या, पण चालत जाणाऱ्याला त्यांचं वजन नव्हे, आकार छळतो. शेल एकात एक बसतात, तरी पिशवी फुगतेच.

सिलुएट सगळे एका दिशेने रोवू नका. बरेचसे वाऱ्याकडे तोंड करून, काही तिरपे, काही आडवे. घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याला त्यातल्या एकाची नुसती कड दिसते आणि तो नाहीसा होतो, दुसरा उमटतो, आणि कळप हलल्यासारखा वाटतो. अगदी डोक्यावरून मात्र त्यांच्या नुसत्या रेघा दिसतात. म्हणून शेजारच्या संथ पाण्यात सहा फ्लोटर हवेतच. सहा सुट्या दोऱ्या गारठलेल्या बोटांनी सोडवत बसू नका. एक लांब दोर, वरच्या अंगाला एक जड नांगर, आणि दोराला क्लिपने अडकवलेले सहाही.

डिकॉयच्या मधे थव्याला उतरायला मोकळी जागा ठेवा. माझं लहानपण पैठणला गेलं. हिवाळ्यात नाथसागरावर पट्टकदंब हंस येत, ते दर वेळी वाऱ्याला तोंड देऊन, थव्यातली मोकळी जागा हेरून उतरत. तिथे ते फक्त पाहायचे असतात आणि तेच योग्य आहे. पण ते पाहणं मला इथे रोज उपयोगी पडतं.

डिसेंबरात वाळू गोठते आणि सिलुएटची खुंटी आत शिरत नाही. वीतभर लांबीचा जाड खिळा आणि छोटी हातोडी ठेवा. आधी भोक, मग खुंटी. एक मऊ कुंचाही घ्या. पाठीवर दंव धरलं की डिकॉय उन्हात चमकतो, आणि थवा तिथूनच वळतो.

नेण्यासाठी प्लास्टिकची स्लेड, म्हणजे दोराने ओढायची बिनचाकी घसरगाडी, घ्या. पाण्यात तरंगते, बर्फावर आणि ओल्या गवतावर सरकते. कोरड्या वाळूत तेवढी जड जाते. चाकांची गाडी वाळूत रुततेच. मी सिलुएट पाठीवर आणि फ्लोटर स्लेडमध्ये नेतो. परतीला खरी कसोटी : सगळं ओलं, वर मोठ्या जातीचा एकेक पक्षी चार-पाच किलोंचा. स्लेडचा दोर हातात धरा, कमरेला कधीच बांधू नका. ओढीने नेली तर जाऊ द्या.

धार ओलांडताना पाठपिशवीचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा, वेडरचा पट्टा मात्र घट्ट आवळा. हातात काठी हवी. प्लॅटची वाळू सरकते; गेल्या आठवड्यात पायी ओलांडलेली उथळ जागा आज खड्डा असू शकते. आदल्या रात्री सरकारी जलमापन केंद्राचे आकडे पाहून पाणी चढतंय का ते बघा. आणि नेब्रास्कात नदीच्या तळाची जमीन सहसा काठच्या मालकाची असते. समोरचं वाळूचं बेट तुमच्याच शेतकऱ्याचं आहे ना, हे त्यांना विचारून घ्या.

प्रश्न : शेजाऱ्यांनी जुनी शिशाची काडतुसं दिली आहेत. गीजसाठी चालतील का?

उत्तर : नाही. १९९१ पासून अमेरिकेत सगळीकडे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद आहे. गीज अन्न दळायला खडे गिळतात; त्यांबरोबर छर्रे जातात, पोटात झिजतात आणि पक्षी कुढत मरतो. स्टीलचे छर्रे घ्या, बीबी किंवा दोन नंबर आकाराचे. स्टील शिशापेक्षा हलकं असतं, म्हणून पक्षी पंख पसरून पाय खाली सोडेपर्यंत थांबा. शिकारीच्या वेळी शिसं जवळ बाळगणंही गुन्हा आहे, तेव्हा निघण्याआधी जुन्या जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून पाहा.